परळचे गव्हर्नमेंट हाऊस : एका घराचा सर्च रिपोर्ट

बँकेत कर्जाची फाइल टेबलावर आली की आम्ही आधी मालमत्तेचा सर्च रिपोर्ट बघायचो. आज मालक कोण, आधी कोण होता, बांधकाम कधी वाढवलं, सगळं त्यात यायचं. सोसायटीला पंचवीस वर्षं झाल्याच्या निमित्ताने काही लिहा, असं कमिटीने सांगितलं, तेव्हा परळच्या हाफकिन संस्थेच्या जुन्या इमारतीचा असाच रिपोर्ट मांडावा असं मनात आलं.

आपल्या तारोडी, डोंगरी, उत्तन भागावर १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. मुंबई मात्र त्यांनी १६६१ च्या लग्नाच्या करारात इंग्लंडच्या राजाला देऊन टाकली. परळला तेव्हा जेझुइट पाद्र्यांचा मठ आणि चॅपेल होतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनी सरकारने ते ताब्यात घेतलं आणि गव्हर्नरसाहेबांचं गावाबाहेरचं घर केलं. यात इंग्रजांना नवल नव्हतं. त्यांच्या देशात आठव्या हेन्री राजाने सोळाव्या शतकात मठ बरखास्त केले आणि उमरावांनी त्यांचीच आलिशान घरं करून घेतली. वोबर्न ॲबी, लॅकॉक ॲबी या वाड्यांच्या नावातला 'ॲबी' म्हणजे मठच.

परळला चॅपेलच्या जाडजूड भिंती पाडल्या नाहीत. त्यांच्या आतच खाली भोजनाचा हॉल आणि वर नाचाचा हॉल झाला. १७७१ मध्ये गव्हर्नर झालेले विल्यम हॉर्नबी इथे कायम राहायला आले. पुढे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१८१९ ते १८२७) यांनी दोन्ही बाजूंना बांधकाम वाढवलं. म्हणजे इमारत एका नकाशावर एकदाच उभी राहिली नाही; गरज पडली तशी वाढत गेली. १८७५ मध्ये इंग्लंडचे युवराज मुंबईत आले, त्यांचा मुक्काम इथेच होता.

मग दिवस फिरले. परळच्या आसपास गिरण्या आल्या, वस्ती दाटली, हवा बिघडली. १८८० नंतर लवकरच गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी कॉलऱ्याने वारल्या. १८८५ पासून गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलला गेला आणि एवढं मोठं घर ओस पडलं.

अशा रिकाम्या घराचं पुढे काय होतं, हे आपण सगळे जाणतो. पण १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. या बंगल्यात काही काळ प्लेगचं रुग्णालय होतं. डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या या घरात आली. जिथे साहेब लोक नाचले, तिथे चाळीतल्या माणसाचा जीव वाचवायची लस बनू लागली! १९२५ पासून संस्थेला हाफकिन यांचं नाव आहे.

माझ्या मते या घराला गव्हर्नरांनी थाट दिला, पण त्याचं सार्थक हाफकिननी केलं. भिंती त्याच होत्या, उपयोग बदलला म्हणून वास्तू टिकली.

आता आपलं बघू. आपला तळमजल्यावरचा हॉल वर्षातून चार-पाच वेळा उघडतो: सत्यनारायण, झेंडावंदन, जनरल मीटिंग. बाकी दिवस कुलूप. तो बाहेरच्या व्यवसायाला भाड्याने द्यावा, असा ठराव येत्या सभेपुढे आहे. पैसे येतील, नाही असं नाही. हिशेब मलाही कळतो. पण आपल्यात सत्तरी ओलांडलेले बरेच जण आहेत, आणि मोठ्या दवाखान्यासाठी भाईंदर गाठावं लागतं. आठवड्यातून दोन सकाळी तिथे डॉक्टर बसले, बीपी-शुगर तपासली गेली आणि संध्याकाळी दहावी-बारावीच्या मुलांना अभ्यासाला जागा मिळाली, तर खर्च फक्त दिवे-पंख्याचा.

ठरावावर हात वर करण्याआधी सर्वांनी एवढा विचार करावा, ही नम्र विनंती. पन्नासाव्या वर्षी कुणी आपल्या इमारतीचा सर्च रिपोर्ट काढला, तर त्यात या हॉलच्या नावापुढे काय लिहिलेलं असावं, ते आपणच ठरवणार आहोत.