'टीका' म्हणजे मुळात काय? पाथरीच्या सूर्यदासांनी लिहिलेल्या टिपा लंडनपर्यंत कशा पोहोचल्या?

'अमक्याने तमक्यावर टीका केली' असं वाचलं की आपण लगेच समजतो, नावं ठेवली, चुका काढल्या. सोशल मीडियावर तर या शब्दाला दुसरा अर्थच उरलेला नाही. पण संस्कृतात आणि जुन्या मराठीत टीका म्हणजे अवघड मजकूर उलगडून सांगणारं लिखाण. ज्ञानेश्वरीला 'गीतेवरची टीका' म्हणतात ते याच अर्थाने. गीतेचे श्लोक ७००, तर ते समजावून सांगणाऱ्या ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास.

मजकुराला जोडलेल्या स्पष्टीकरणाची ही परंपरा मराठवाड्यात चांगलीच रुजलेली होती. परभणी जिल्ह्यातल्या पाथरीत सोळाव्या शतकात राहणाऱ्या एका विद्वानाने गणिताच्या दोन ग्रंथांवर टीका लिहिल्या. जवळपास पावणेतीनशे वर्षांनी त्यांतला मजकूर लंडनमध्ये छापलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या तळटिपांमध्ये दिसला. त्या विद्वानाचं नाव सूर्यदास.

मुळात टिपांची गरज का पडली?

छपाई नव्हती आणि पोथ्या महाग होत्या, तेव्हा ज्ञान पाठांतराने पुढे जायचं. पाठ करायचं तर मजकूर आटोपशीर हवा आणि शक्यतो श्लोकात हवा. म्हणून व्याकरण, वैद्यक, ज्योतिष, गणित असे विषय सूत्रांत किंवा श्लोकांत बांधले गेले. पाठांतर सोपं झालं, पण अर्थ लावणं अवघड होऊन बसलं.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं एक उदाहरण बघा. हा ग्रंथ साधारण ११५० चा. त्यात वर्तुळाच्या व्यासावरून परीघ काढण्याचा नियम आहे. व्यासाला ३९२७ ने गुणायचं आणि १२५० ने भागायचं. पण श्लोकात हे आकडे आकड्यांसारखे येत नाहीत. ३९२७ साठी नक्षत्रं, नंद आणि अग्नी या अर्थाचे शब्द येतात. नक्षत्रं २७, नंद राजे ९, अग्नी ३. हे उजवीकडून डावीकडे मांडले की ३९२७ होतात. १२५० साठी आकाश म्हणजे ०, बाण म्हणजे ५ आणि सूर्य म्हणजे १२.

या पद्धतीला 'भूतसंख्या' म्हणतात. ती माहीत नसलेल्या माणसाला वाटेल की इथे तारे, राजे आणि आगीबद्दल काहीतरी चाललं आहे. माहीत असलेल्याला मात्र उत्तर मिळतं. ग्रंथातल्याच उदाहरणाप्रमाणे व्यास ७ असेल तर परीघ २१ पूर्णांक १२३९/१२५० येतो, म्हणजे २२ ला अगदी थोडा कमी.

भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात आणखी एक अडचण आहे. आज आपण अज्ञात संख्येला 'क्ष' म्हणतो. त्या ग्रंथात पहिल्या अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' म्हणतात आणि पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं आहेत. लिहिताना त्यांची फक्त पहिली अक्षरं येतात: या, का, नी, पी. ऋण संख्या दाखवायला आकड्याच्या डोक्यावर टिंब. आता मराठी माणसाने पानावर 'या' वाचलं तर त्याला ते कुणाला तरी बोलावणं वाटेल! ही खूणगाठ सोडवून देणारा कुणीतरी हवाच, आणि टीकाकार हेच काम करायचा.

पाथरीचं घराणं

पाथरी म्हणजे जुन्या ग्रंथांतलं पार्थपूर. गोदावरीच्या उत्तरेला वसलेल्या या गावात ज्ञानराज नावाचे ज्योतिषी राहायचे. त्यांनी १५०३ च्या सुमारास 'सिद्धान्तसुंदर' हा खगोलशास्त्राचा ग्रंथ लिहिला. काळ धामधुमीचा होता. बहमनी सत्ता फुटली होती आणि पाथरीच्या ताब्यावरून अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही यांच्यात झगडा चालू होता. अशा दिवसांत या घरात ग्रहगणिताचा अभ्यास सुरू होता.

ज्ञानराजांचे चिंतामणी आणि सूर्यदास हे दोन मुलगे टीकाकार झाले. चिंतामणींनी वडिलांच्याच 'सिद्धान्तसुंदर'वर टीका लिहिली. सूर्यदासांनी भास्कराचार्यांचे ग्रंथ घेतले. 'बीजगणित'वरची त्यांची 'सूर्यप्रकाश' ही टीका शके १४६० ची, म्हणजे १५३८ ची. तेव्हा त्यांचं वय तीस-एकतीस होतं. तीन वर्षांनी, १५४१ मध्ये 'लीलावती'वर 'गणितामृतकूपिका' आली. त्यांनी गीतेवरही 'परमार्थप्रपा' ही टीका लिहिली.

सूर्यदास कवीही होते. त्यांचं 'रामकृष्णविलोमकाव्य' सरळ वाचलं तर रामाची कथा सांगतं आणि अक्षरं उलट्या क्रमाने वाचली तर कृष्णाची. ही कसरत वाचकाला कळावी म्हणून त्यांनी या काव्यावर स्वतःच टीका लिहिली. आपलंच लिखाण समजावून सांगायला लेखकाला कमीपणा वाटायचा नाही. भास्कराचार्यांनीही स्वतःच्या 'सिद्धान्तशिरोमणी'वर भाष्य लिहिलं होतं.

टीका, भाष्य, वार्तिक: फरक काय?

स्पष्टीकरणाच्या लिखाणाला एकच नाव नव्हतं. कामानुसार नावं बदलायची. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखर यांनी 'काव्यमीमांसा' या ग्रंथात त्यांची यादीच दिली आहे. ढोबळ फरक असा:

वृत्ती: सूत्राचा अर्थ थोडक्यात सांगणारं लिखाण.

भाष्य: आक्षेप घेऊन त्यांना उत्तरं देत केलेलं सविस्तर विवेचन. पाणिनीच्या व्याकरणावरचं पतंजलींचं 'महाभाष्य' हे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण.

वार्तिक: मूळ ग्रंथात काय सांगितलं, काय राहून गेलं आणि काय चुकीचं सांगितलं, याचा विचार.

टीका: अर्थ जमेल तितका उलगडून सांगणं.

पंजिका: फक्त अवघड शब्द फोडून दाखवणं.

टिप्पणी किंवा टीप: एखाद्या जागेपुरती छोटी नोंद.

वार्तिकाच्या व्याख्येतच मूळ ग्रंथाची चूक दाखवण्याची मुभा आहे, हे लक्षात घेण्यासारखं आहे. समजावून सांगणं आणि तपासणं ही दोन्ही कामं एकाच परंपरेत होती. आजच्या मराठीत 'टीका' शब्दाकडे त्यातलं फक्त दुसरं काम उरलं.

टीकाकार काम कसं करायचा?

चांगल्या व्याख्येची पाच कामं परंपरेने ठरवली होती. आधी संधी सोडवून शब्द वेगळे करायचे. मग प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगायचा. मग समास सोडवायचे. मग श्लोकात पुढेमागे झालेले शब्द वाक्याच्या क्रमाने लावायचे. शेवटी वाचकाच्या मनात येतील त्या शंका मांडून त्यांची उत्तरं द्यायची. गणिताच्या टीकाकाराला याशिवाय उदाहरण सोडवून दाखवावं लागे आणि नियम का बरोबर आहे याची 'उपपत्ती', म्हणजे सिद्धता, सांगावी लागे.

एकाच ग्रंथावर अनेक टीका असणं नेहमीचंच होतं. सूर्यदासांनंतर चारच वर्षांनी, १५४५ मध्ये, कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' लिहिली. ती १९३७ मध्ये पुण्याच्या आनंदाश्रमाने मूळ ग्रंथासह छापली. एकाला सुचलेला अर्थ दुसऱ्याला पटेलच असं नाही. त्यामुळे वाचकाला दोन्ही टीका समोर ठेवून ठरवता यायचं.

पोथीच्या पानावर टीप कुठे असायची?

पोथीत बरेचदा मूळ मजकूर पानाच्या मधोमध मोठ्या अक्षरात आणि त्याच्या वर-खाली बारीक अक्षरात टीका लिहीत. या मांडणीला 'त्रिपाठ' म्हणतात. दोन्ही बाजूंच्या समासांतही मजकूर असेल तर 'पंचपाठ'. नजर न हलवता मूळ आणि अर्थ दोन्ही दिसावेत, अशी ही सोय.

लिहिताना एखादा शब्द सुटला तर त्या जागी हंसपदाची खूण करून तो समासात लिहीत. चुकलेलं अक्षर झाकायला त्यावर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप देत. मराठीतला 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला.

छापील पुस्तकात पानाच्या तळाशी आकडा देऊन टीप टाकायची पद्धत युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत स्थिरावली. वाचकांना ती किती हवी होती, हे एडवर्ड गिबन यांच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासावरून कळतं. १७७६ मध्ये आलेल्या पहिल्या खंडात टिपा पुस्तकाच्या शेवटी होत्या. प्रत्येक वेळी पानं उलटावी लागतात, अशी तक्रार तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी केली आणि नंतर टिपा पानाच्या तळाशी आल्या. पोथी लिहिणाऱ्यांनी त्रिपाठाने सोडवलेली अडचण हीच होती.

पाथरी ते लंडन

ईस्ट इंडिया कंपनीत अधिकारी असलेले हेन्री थॉमस कोलब्रुक हे संस्कृतचे जाणकार होते. त्यांनी 'लीलावती' आणि 'बीजगणित' यांचं इंग्रजी भाषांतर केलं. ते १८१७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालं. भाषांतर करताना मूळ श्लोक त्यांनाही टीकांशिवाय पुरेसे उलगडले नसते. म्हणून त्यांनी वेगवेगळ्या टीकाकारांची स्पष्टीकरणं तळटिपांमध्ये दिली आणि प्रत्येकापुढे त्या टीकाकाराचं नाव संक्षेपाने लिहिलं. गणेश दैवज्ञांच्या नावाबरोबर तिथे सूर्यदासांचंही नाव येतं. प्रस्तावनेत त्यांच्या पार्थपूरचीही नोंद आहे.

भारतीय बीजगणिताची ओळख युरोपातल्या अभ्यासकांना करून देणाऱ्या पुस्तकांत हे महत्त्वाचं मानलं जातं. त्यात गोदाकाठच्या एका गावातल्या माणसाचं स्पष्टीकरण त्याच्या नावासकट पोहोचलं, ते कोलब्रुक यांनी कोणती गोष्ट कुणी सांगितली हे लिहून ठेवलं म्हणून.

नाव आणि उगम सुटला तर काय होतं?

याचं उत्तरही 'लीलावती'च्याच इतिहासात आहे. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी होती, लग्नाचा मुहूर्त दाखवणाऱ्या घटिकापात्रात तिच्या दागिन्यातला मोती पडला, पाणी आत येणं थांबलं आणि मुहूर्त टळला, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. सोशल मीडियावर ती आजही फिरते. पण भास्कराचार्यांच्या ग्रंथात ही गोष्ट नाही. ती सर्वत्र पोहोचली अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेमुळे. म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी.

प्रस्तावनेतली ही कथा पुढे सांगताना 'फैजीने असं लिहिलं आहे' एवढे शब्द गळून पडले आणि ती भास्कराचार्यांच्या चरित्राचा भाग होऊन बसली. मजकूर कुठला आणि स्पष्टीकरण कुठलं, ही सीमा पुसली गेली की असंच होतं.

आजच्या टिपा कुठे दिसतात?

कायद्याच्या पुस्तकात कलमाखाली 'स्पष्टीकरण' आणि 'परंतुक' असतं, आणि कलमाचा अर्थ त्यांच्यासकटच लावायचा असतो. जाहिरातीत मोठ्या सवलतीशेजारी चांदणी असते आणि खाली बारीक अक्षरात 'अटी लागू'. सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' या रकान्यात बँकेच्या बोजाची एका ओळीची नोंद असते. जमीन घेणाऱ्याने फक्त मालकाचं नाव वाचलं आणि ती ओळ सोडली, तर कर्ज त्याच्या गळ्यात पडू शकतं.

विकिपीडियाच्या लेखात वाक्यापुढचा छोटा आकडा हीसुद्धा टीपच. 'एक्स'वर दिशाभूल करणाऱ्या पोस्टखाली वापरकर्ते जी 'कम्युनिटी नोट' जोडतात, ती २०२१ मध्ये 'बर्डवॉच' या नावाने सुरू झाली होती. पोस्ट आणि नोट एकाच नजरेत दिसावी, ही तिची मांडणी त्रिपाठ पोथीच्या जवळ जाणारी आहे.

फॉरवर्डच्या शेवटी 'टीप:' असं लिहून काहीतरी जोडलेलं असतं, तेव्हा तीन गोष्टी बघता येतात. ही टीप मूळ मजकुराच्या लेखकाची आहे की नंतर कुणी चिकटवली? ती कशाच्या आधारावर आहे, हे सांगितलं आहे का? आणि ती वाचल्यावर मूळ मजकूर स्वतः तपासता येतो, की फक्त विश्वास ठेवावा लागतो? सूर्यदासांच्या काळातला वाचक टीका वाचून उदाहरण स्वतः सोडवायचा आणि उत्तर जुळतं का बघायचा. ७ व्यासाचं वर्तुळ काढून दोरीने परीघ मोजला, तर ती पडताळणी आजही घरबसल्या करता येते.