आयन-विनिमय वर्णलेखन : सिकलसेलच्या निदानामागील रसायन

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात, तसेच पैनगंगेपलीकडील यवतमाळ व चंद्रपूर या मराठी मुलखात, गोंड, परधान, कोलाम आदी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. एखादी व्यक्ती रुग्ण आहे की केवळ वाहक, हे ठरविण्यासाठी प्रयोगशाळा ज्या पद्धतींवर भिस्त ठेवतात, त्यांत आयन-विनिमय वर्णलेखन म्हणजेच आयन-एक्स्चेंज क्रोमॅटोग्राफी प्रमुख आहे.

तत्त्व : प्रत्येक प्रथिनावर विद्युतभार असतो आणि द्रावणाच्या आम्लतेनुसार तो बदलतो. विरुद्ध भार असलेल्या रेझीनच्या बारीक कणांनी भरलेल्या नळीतून प्रथिनांचे मिश्रण सोडले, की प्रथिने कणांना चिकटतात. मग द्रावणातील क्षारांचे प्रमाण हळूहळू वाढविले जाते. सैल चिकटलेले प्रथिन आधी सुटते, घट्ट चिकटलेले नंतर. १९५६ साली पीटरसन व सोबर यांनी सेल्युलोजपासून बनविलेले विनिमयक वापरात आणले आणि प्रथिने शुद्ध करण्याचे काम पुष्कळ सुकर झाले. आजही औषधी प्रथिनांच्या निर्मितीत हीच पद्धत वापरली जाते.

सिकलसेलमध्ये उपयोग : हीमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच या विकाराचा मूळ दोष. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, व्हॅलिनवर नसतो. त्यामुळे ‘एस’ हीमोग्लोबिन नेहमीच्या ‘ए’पेक्षा अधिक धनभारित ठरते, ऋणभारित रेझीनला घट्ट धरून राहते आणि नळीतून उशिरा बाहेर पडते. यंत्र त्याचा आलेख काढते. तपासणीसाठी थोडेसे रक्त पुरते.

आलेखाचे वाचन : वाहकाच्या रक्तात ‘ए’ अधिक आणि ‘एस’ साधारणतः ३० ते ४० टक्के असते. रुग्णाच्या रक्तात ‘ए’ नसते. ‘एस’चे प्राबल्य असून ‘एफ’ कमी-अधिक आढळते.

मर्यादा : नुकतेच रक्त चढविले असल्यास दात्याचे ‘ए’ आलेखात उमटते व रुग्ण वाहक भासू शकतो. म्हणून रक्त घेतल्याची तारीख तंत्रज्ञास अवश्य सांगावी. नवजात बालकात ‘एफ’चेच प्रमाण अधिक असल्याने प्रौढांचे निकष त्याला लागू पडत नाहीत. विद्राव्यता चाचणी स्वस्त व त्वरित होते. परंतु वाहक आणि रुग्ण यांतील भेद ती स्वतः दाखवीत नाही.

महत्त्व : हा भेद कुटुंबासाठी निर्णायक आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के असते. वाहकाला सहसा त्रास होत नाही. त्यामुळे तपासणीवाचून ही गोष्ट कळत नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचे उद्दिष्ट २०४७ पर्यंतचे आहे. विवाहापूर्वीची तपासणी आणि समुपदेशन हा त्यातील कळीचा दुवा होय.