हजाराचा घोडा दहा रुपयांना

१८७२च्या भारतीय करार कायद्यात पंचविसाव्या कलमाखाली एक घोडा उभा आहे. त्याची किंमत हजार रुपये, आणि मालक तो दहा रुपयांना द्यायला राजी झाला आहे. त्याची संमती मोकळी असेल तर करार पक्का, असे कायदा सांगतो. लगेच पुढच्या उदाहरणात घोडा तोच आणि रक्कमही तीच, पण आता मालक म्हणतो की मी मनापासून हो म्हटले नव्हते. मग मात्र एवढ्या कमी किमतीची दखल कोर्टाने घ्यायची आहे. ऑनलाइन लिलावात एखादे जुने घड्याळ किंवा कॅमेरा निम्म्याहून कमी पैशांत मिळाला की खरेदीदाराला आनंदाबरोबर थोडी रुखरुखही लागते. समोरच्याला आपण लुबाडले तर नाही ना, असे वाटत राहते. ही रुखरुख भाबडी आहे, असे मी म्हणणार नाही. पण ती बहुतेकदा चुकीच्या जागी लागते. किती स्वस्त मिळाले यापेक्षा विकणाऱ्याला मागे फिरता येत होते का, हे आधी विचारायला हवे. आपल्याकडच्या लिलावांच्या इतिहासात हा प्रश्न पुन्हा पुन्हा वर आलेला दिसतो.

अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६०च्या दशकात तिथला कापूस बंद झाला आणि दख्खनच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. शेतकऱ्याची पत वाढली, आणि तिच्याबरोबर कर्जही वाढले. युद्ध संपले, भाव कोसळले, त्यातच फेरमोजणीनंतर सारा चढला. सावकाराच्या हाती आता दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा होता आणि त्यामागून जप्ती व लिलाव येत. या लिलावांत जमिनी इतक्या स्वस्त का जात, याचे एक कारण कायद्यातच होते. कोर्ट जमीन विकत नसे. त्या जमिनीत ऋणकोचा जो काही हक्क, अधिकार आणि हितसंबंध असेल, तेवढाच विकला जाई. तो हक्क किती, त्यावर आणखी कोणाचा बोजा आहे, याची हमी कोणी देत नसे. अशा संशयास्पद मालावर परका माणूस बोली लावायला कचरणार, हे उघडच आहे. हिशेब ठाऊक असे तो एकट्या सावकाराला. तोच मैदानात उरे आणि कवडीमोलाने जमीन घेई. मिळालेल्या रकमेत कर्ज फिटत नसे, म्हणून हुकूमनामा जिवंतच राही, आणि कालचा मालक आज त्याच शेतात कूळ म्हणून राबू लागे.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि पुणे-अहमदनगरच्या खेड्यांत पसरला. लोकांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. खते आणि हुकूमनामे मागून घ्यायचे, मिळाले की जाळायचे. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत कर्जापायी शेतकऱ्याला कैद करणे थांबले. जमीन खास गहाण टाकलेली नसेल तर ती विकता येईना, आणि खतामागचा खरा व्यवहार उकरून पाहण्याची मुभा कोर्टाला मिळाली. १८८२च्या दिवाणी संहितेनुसार हुकूमनामा मिळवणाऱ्याला त्याच लिलावात बोली लावायची असेल तर कोर्टाची परवानगी लागे. पुढे १९०८च्या संहितेने स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे व गुरे आणि धर्माच्या रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने जप्तीबाहेर ठेवले. मंगळसूत्रावर बोली लागू नये, हे लिहून ठेवावे लागले! स्वस्ताईची मर्यादा या सगळ्यात कुठेच आखलेली नाही. कायद्याने हात घातला तो विकणाऱ्याच्या नाइलाजाला, आणि मला ते योग्य वाटते.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. लिलाव होणारच असेल तर मी बोली न लावल्याने कर्जदाराचे काय भले होते? उलट एक गिऱ्हाईक कमी झाले की भाव आणखी पडतो. हा युक्तिवाद एकट्या खरेदीदारापुरता बरोबर आहे. सगळ्यांनी मिळून ठरवले तर काय होते, हे तो पाहत नाही. बारडोलीत शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला गेला आणि १९२८मध्ये वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली लोकांनी तो भरायचे नाकारले. सरकारने म्हशी आणि जमिनी जप्त करून लिलावात काढल्या. गावातला माणूस बोलीला येईना, म्हणून बाहेरचे गिऱ्हाईक आणावे लागले, आणि त्याला माल स्वस्त मिळाला तरी सोबत बहिष्कारही मिळाला. तडजोडीनंतर जमिनी मूळ मालकांना परत मिळाल्या, आणि ब्रूमफील्ड-मॅक्सवेल चौकशीने वाढ सहा टक्क्यांच्या आसपासच योग्य ठरवली. म्हणजे ज्या थकबाकीसाठी लिलाव पुकारला होता, तिचा पायाच कच्चा निघाला. ती खरेदी त्या दिवसाच्या कायद्यात बसत होती, पण तिथे स्वस्त घेणे म्हणजे सरकारच्या बाजूने उभे राहणे होते. गावकरी सद्सद्विवेकाने थांबले की वाळीत पडण्याच्या भीतीने, असे कोणी विचारील. दोन्ही असणार. एकट्यादुकट्याच्या मनातली रुखरुख टिकायला बहुधा गावाचा धाक लागतोच, आणि त्यात मला कमीपणा दिसत नाही.

अमेरिकेतल्या नेब्रास्कात तर शेजाऱ्यांनी हत्यार उलटेच फिरवले. मंदीच्या काळात, १९३१मध्ये, तिथल्या एका विधवेच्या शेतावरचा सामान-जनावरांचा लिलाव पुकारला गेला. जमलेल्या शेतकऱ्यांनी पेनींत बोली लावल्या, वर कोणी जाऊ नये याची चोख व्यवस्था ठेवली, आणि सगळे मिळून पाच डॉलर पस्तीस सेंट झाले. मग माल मालकिणीला परत देऊन टाकला. असे लिलाव पुढे अनेक ठिकाणी झाले आणि १९३३मध्ये त्या राज्याने शेतजप्तीवर तात्पुरती स्थगिती आणली. तिथे धनकोवर अन्याय झाला, ही तक्रार खोटी नाही. धमकावणे कोणत्याही बाजारात शोभत नाही. तरी एवढे मान्य करावे लागते की याहून स्वस्त खरेदी मिळणे कठीण, आणि घेणाऱ्यांपैकी कोणाला तिची लाज वाटल्याचे दिसत नाही.

आता इंटरनेटकडे येऊ. पिएर ओमिड्यारने सप्टेंबर १९९५मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे ईबे झालेल्या संकेतस्थळावर पहिल्यांदा जी वस्तू गेली, तो एक मोडका लेझर पॉइंटर होता, आणि त्याला १४ डॉलर ८३ सेंट आले. तो मोडका आहे हे कळले आहे ना, असे ओमिड्यारनेच गिऱ्हाइकाला विचारले. तर तो म्हणाला, मी मोडकेच जमवतो. विकणाऱ्याच्या अडगळीची किंमत ज्याला ती हवी तो ठरवतो. अशा ठिकाणी विकणारा आपली सुरुवातीची किंमत ठरवतो, हवी तर राखीव किंमत ठेवतो, छायाचित्र नीट काढायचे की नाही हेही त्याच्याच हाती असते. त्याने कष्ट वाचवले आणि तुम्हाला स्वस्त पडले तर त्याबद्दल रात्रीची झोप घालवण्याचे कारण नाही. अपवाद एका प्रकाराचा करावा: समोरचा आपल्या मालाची जात ओळखत नाही, हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे. आजीच्या पेटीतले चांदीचे नाणे कोणी पितळेचे म्हणून विकायला काढले, तर व्यापारातली जाण आणि गैरफायदा यांत फार अंतर उरत नाही. तिथे मोकळ्या संमतीला माहितीच्या बाजूने भोक पडलेले असते.

रुखरुखीची खरी जागा मात्र त्याच पडद्यावर, शेजारच्या खिडकीत आहे. २००२च्या सरफेसी कायद्याखाली बँका थकीत कर्जांपोटी घरे ताब्यात घेतात आणि ई-लिलावात विकतात. राखीव किंमत असते, जाहीर नोटीस असते, आणि मालमत्ता ‘आहे तशी, आहे तिथे’ घ्यायची असते. दप्तर तपासायचे आणि थकबाकी शोधायची, हे गिऱ्हाइकाच्या डोक्यावर. आत कोणी राहत असेल, तर परका बोलीदार मागे सरतो आणि भाव खाली येतो. दख्खनच्या कोर्टातल्या त्या हक्क-हितसंबंधाच्या विक्रीशी याचे नाते उघड आहे. फरकही आहेत, आणि ते लहान नाहीत. शेतजमीन या कायद्यातून वगळली आहे, वसुलीनंतर उरलेली रक्कम कर्जदाराला द्यावी लागते, आणि बँक सावकारासारखी गावात एकटी नसते. शिवाय बँकेतला पैसा ठेवीदारांचा आहे, तो बुडू द्यायचा का, हा प्रश्न वाजवीच आहे. पण शेष रक्कम कर्जदाराला मिळायची, तर बोली बाजारभावाच्या जवळ जायला हवी. घर निम्म्या भावात गेले तर शेष शून्य, आणि वर उरलेली बाकी त्याच्याच नावावर. तेव्हा ज्याला घर घ्यायचेच आहे, त्याने हात आखडण्याऐवजी शक्य तितकी वर बोली लावणे, एवढी मदत त्या न पाहिलेल्या माणसाला करता येते.