गाडीबाहेरचें एंजिन

मोटारीच्या झांकणाखालीं जें एंजिन असतें, तें तेथें एकटें नसतें. गाडीच्या सांगाड्यानें त्याला घट्ट धरून ठेवलेलें असतें. चाकांच्या वाटे साऱ्या गाडीचें ओझें त्याच्यावर असतें. समोरून येणारा वारा त्याचें तापलेलें पाणी निववीत असतो. आणि मागची नळी त्याचा धूर दूर नेऊन सोडीत असते. हीं चार बंधनें म्हणजेच त्याचे चार रक्षक होत. दुरुस्तीसाठीं किंवा परीक्षेसाठीं एंजिन गाडींतून बाहेर काढलें कीं हे चारही रक्षक एकदम नाहींसे होतात. मग तें चालवून पाहावयाचें कसें? दोनशे वर्षांत या प्रश्नाचें जें उत्तर मिळत गेलें, त्याचा इतिहास म्हणजे एंजिनाला त्याचीं बंधनें एकेक करून परत देण्याचा इतिहास होय.

या इतिहासाचा आरंभ मोटारीच्या जन्मापूर्वींचा आहे. वाफेच्या एंजिनाचें बळ घोड्यांच्या कामाशीं ताडून सांगण्याची रीत जेम्स वॉटनें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रूढ केली. एका मिनिटांत ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याइतकें काम म्हणजे एक अश्वशक्ति. हें माप सोयीचें खरें. पण समोर उभें असलेलें एंजिन अमुक अश्वशक्तीचें आहे, हें विकणाऱ्याच्या शब्दावर मानावयाचें कीं काय? फ्रान्समधील गास्पार द प्रोनी या एंजिनिअरानें १८२१ सालीं यावर एक साधी युक्ति काढली. एंजिनाच्या फिरत्या दांड्यावर लांकडाचे दोन ठोकळे दोन्हीं बाजूंनीं आवळावयाचे, त्यांना एक लांब दांडी जोडावयाची आणि दांडीच्या टोंकाला वजन टांगावयाचें. फिरता दांडा ठोकळ्यांना आपल्याबरोबर ओढूं पाहतो आणि टांगलेलें वजन त्यांना अडवून धरतें. तें वजन, दांडीची लांबी आणि मिनिटाचे फेरे एवढें ठाऊक झालें कीं एंजिनाचें बळ कागदावर मांडतां येतें.

प्रोनीला मोजमाप हवें होतें; परंतु त्याच्या युक्तीनें नकळत आणखी एक मोठें काम केलें. तिनें गाडीबाहेरच्या एंजिनाला ओझें दिलें. विहिरीवर मोटेचा दोर तुटला म्हणजे बैल जसे एकाएकीं पुढें कोलमडतात, तशीच भार सुटलेल्या एंजिनाची गत होते. इंधन पूर्ण दिलेलें आणि ओढावयाला कांहींच नाहीं, अशा स्थितींत सारें बळ वेग वाढविण्यांत खर्च होतें. वेग दुप्पट झाला कीं जड चाकाला आंतून फाडूं पाहणारा ताण चौपट होतो. ओतीव लोखंडाचें चाक अशा ताणानें फुटलें, तर त्याचे तुकडे तोफेच्या गोळ्यांसारखे भिंती फोडून जातात. म्हणून भाराविना एंजिन अगदीं मंद गतीनेंच चालवावें आणि फिरत्या चाकाच्या रेषेंत कोणीं उभें राहूं नये, हे कारखान्यांतले पहिले धडे.

प्रोनीच्या ठोकळ्यांचा दोष असा कीं, ते तापत व धुमसूं लागत. हें अपरिहार्यच होतें. अडविलेलें बळ नाहींसें होत नाहीं, त्याची उष्णता बनते. पन्नास अश्वशक्तीचें एंजिन अडवून धरणें म्हणजे एक किलोवॅटच्या सदतीस विजेच्या शेगड्या एकदम पेटविण्यासारखें आहे. जहाजांचीं एंजिनें तर याच्या कितीतरी पट मोठीं. इंग्रज एंजिनिअर विल्यम फ्रूड यानें १८७७ सालीं त्यासाठीं लांकडाऐवजीं पाणी योजिलें. एका बंद डब्यांत खांचा असलेलें चाक फिरतें; त्यानें घुसळलेलें पाणी डब्याला ओढूं पाहतें; आणि डबा अडवून धरणाऱ्या दांडीवर बळ मोजलें जातें. पाणी वाहतें ठेवलें कीं उष्णताही त्याच्याबरोबर निघून जाते. ही रचना पुढें मोटारीच्या एंजिनांसाठींही वापरली गेली.

तोंवर एंजिनाचें रूप पालटत चाललें होतें. गॉटलीब डाइमलर १८८२ सालीं जर्मनींतील कानश्टाट येथें राहावयास गेला आणि त्यानें आपल्या बंगल्याच्या बागेंतील कांचघराचा कारखाना केला. तेथें विल्हेल्म मायबाखच्या साहाय्यानें त्यानें मिनिटास सुमारें सहाशें फेरे घेणारें लहान एंजिन तयार केलें. त्या काळचीं मोठीं एंजिनें दीडशे-पावणेदोनशें फेऱ्यांवर समाधान मानीत. रात्रंदिवस दारें लावून चाललेल्या या ठोकाठोकीचा माळ्याला संशय आला, येथें खोटीं नाणीं पाडतात असें समजून पोलिसांनीं तपास केला आणि त्यांना फक्त अवजारें व एंजिनें सांपडलीं, अशी कथा सांगतात. दुचाकीवर बसण्यापूर्वीं, म्हणजे १८८५ पूर्वीं, डाइमलरच्या एंजिनाला हें एकांतांतलें शिक्षण घ्यावें लागलें.

डेट्रॉइट येथील हेन्री फोर्ड या तरुणाजवळ मात्र कांचघरही नव्हतें. २४ डिसेंबर १८९३ च्या रात्रीं त्यानें नळाच्या तुकड्यापासून बनविलेलें आपलें पहिलें पेट्रोल-एंजिन स्वयंपाकघरांतल्या मोरीच्या कडेला आवळून बसविलें. ठिणगीसाठीं घरांतील दिव्याची वीज घेतली. दुसऱ्या दिवशींच्या नाताळाच्या तयारींत असलेली त्याची पत्नी क्लारा हिनें थेंबथेंब पेट्रोल सोडावयाचें आणि त्यानें चाक फिरवावयाचें, अशी योजना होती. एंजिन सुरू झालें, मोरी हादरली, धूर दाटला. थोड्याच वेळांत फोर्डनें तें बंद केलें. त्यांचा मुलगा एडसेल तेव्हां सात आठवड्यांचाही झाला नव्हता.

इतिहासांत हा प्रसंग कौतुकानें सांगितला जातो, आणि तो कौतुकाचाही आहे. परंतु त्यांत दोन वैरी हजर होते. उघडें पेट्रोल आणि ठिणगी यांचें वैर डोळ्यांना दिसतें. दुसरा वैरी दिसतही नाहीं आणि त्याला वासही नाहीं. तो म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. हा वायु रक्तांतील लाल द्रव्याला चिकटून प्राणवायूची जागा अडवितो, हें फ्रान्समधील क्लोद बेर्नार यानें १८५७ च्या सुमारास दाखविलें होतें. प्राणवायूपेक्षां त्याची ही चिकटण्याची ओढ दोनशें पटींहून अधिक आहे. १८९५ सालीं जॉन स्कॉट हॉल्डेन यानें तो वायु स्वतः हुंगून त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. पुढें त्याच्याच सूचनेवरून ब्रिटिश कोळशाच्या खाणींत पिंजऱ्यांतले कॅनरी पक्षी नेण्याची पद्धत पडली आणि ती १९८६ पर्यंत चालली. बंद खोलींत चालणाऱ्या एंजिनाची धुराची नळी भिंतीबाहेर काढणें ही स्वच्छतेची बाब नसून प्राणाची बाब आहे.

परीक्षेचें खरें मोल काय, हें १९०३ सालीं अमेरिकेंतील डेटन गांवीं दिसून आलें. राइट बंधूंच्या विमानासाठीं चार्ल्स टेलर यानें सुमारें सहा आठवड्यांत एक चार नळकांड्यांचें एंजिन घडविलें. भार म्हणून त्याला वारा कापणारें एक पातें जोडलें आणि त्याच्या फेऱ्यांवरून अश्वशक्तीचा हिशेब केला. फेब्रुवारी महिन्यांत एंजिन चालूं लागलें, आणि दुसऱ्याच दिवशीं गळणारें पेट्रोल धारव्यांवर ठिबकून वंगण नाहींसें झालें, दांडा अडकला आणि एंजिनाचें अल्युमिनियमचें कवच फुटलें. नवें कवच ओतवून पुन्हां जुळणी करण्यांत कांहीं महिने गेले. परंतु तें कवच कारखान्याच्या जमिनीवर फुटलें, माणूस घेऊन उडालेल्या विमानांत नव्हे. १७ डिसेंबर १९०३ चें उड्डाण ज्यांनीं शक्य केलें, त्यांत या फेब्रुवारींतल्या फजितीचाही वांटा आहे.

आज परीक्षेसाठीं काँक्रीटच्या पायावर एंजिन जखडतात. कारण दांडा एका दिशेनें फिरूं लागला कीं एंजिनाचें धड उलट दिशेनें वळूं पाहतें. पाण्याच्या किंवा विजेच्या यंत्रानें त्याला भार देतात. इंधनापैकीं ढोबळ मानानें एक-तृतीयांश शक्तीच कामीं येते, उरलेली उष्णता धूर आणि पाणी यांच्या वाटे बाहेर पडते. म्हणून वाऱ्याऐवजीं पंखे व वाहतें पाणी लागतें. डीझेल एंजिन तर स्वतःचेंच वंगण-तेल ओढून घेऊन इंधन तोडल्यावरही बेफाम धांवूं शकतें. अशा वेळीं त्याचा श्वास, म्हणजे आंत जाणारी हवाच बंद करावी लागते. पुण्यास १९६६ सालीं स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेंत एंजिनांची शक्ति आणि धूर यांचें मोजमाप याच परंपरेनें होतें.

एंजिन गर्जूं लागलें म्हणजे परीक्षा यशस्वी झाली, असें पाहणाऱ्याला वाटतें. जाणता कारागीर मात्र तें सुरू करण्यापूर्वीं कसें बंद होईल तें आधीं पाहतो. जें मोडावयाचें तें येथेंच मोडावें, आणि मोडतांना कोणाला इजा होऊं नये, यासाठींच परीक्षेची जागा असते. जें एंजिन येथें नीट बांधलें गेलें, तेंच पुढें रस्त्यावर माणसांना विश्वासानें वाहून नेतें.