सांधे शोधत जाताना

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतली जुनी चर्च पाहायला निघालेला नवखा अभ्यासक बहुधा शैलींची नावे पाठ करून निघतो: नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड, पर्पेंडिक्युलर. ही वर्गवारी थॉमस रिकमन या क्वेकर घरातल्या गृहस्थाने १८१७ साली पुस्तकरूपाने मांडली आणि ती आजही उपयोगी पडते. पण एकाच शैलीचे गावचर्च क्वचितच सापडते. म्हणून माझे सांगणे असे की, आत शिरण्याआधी बाहेरून एक फेरी मारावी आणि सांधे शोधावेत. चिणून टाकलेले दार, मनोऱ्याच्या अंगावर उरलेली जुन्या, उंच छपराची तिरकी रेघ, मध्येच बदललेला दगड. गावाकडे पैसा कधी आला, कधी आटला, हे तिथे कळते.

डरहॅम परगण्यातले एस्कम घ्या. सातव्या शतकातले हे छोटेसे सॅक्सन चर्च रोमन दगडांनी बांधलेले आहे. त्यातल्या एका दगडावर सहाव्या रोमन पलटणीची अक्षरे आहेत आणि तो दगड चक्क उलटा बसवलेला आहे. गवंड्याला लॅटिन येत नसावे, किंवा त्याची फिकीर नसावी.

पुरावा मात्र जपून वाचावा लागतो. सफोकमधल्या ब्लाइदबर्गच्या छताला पंख पसरलेले लाकडी देवदूत आहेत आणि त्या छतात शिशाचे छर्रे सापडले. १६४४ साली विल्यम डाउझिंग हा मूर्तिभंजक इथे येऊन गेला होता, तेव्हा गोळ्या त्याच्याच माणसांनी झाडल्या, अशी कथा रूढ झाली. प्रत्यक्षात अठराव्या शतकातल्या चर्चच्या हिशेबवहीत जॅकडॉ मारण्यासाठी दिलेल्या पैशांची नोंद आहे. जॅकडॉ म्हणजे कावळ्याच्या जातीचा लहानसा पक्षी. कथा रंगतदार, पण वहीचे ऐकावे.

एकोणिसाव्या शतकातल्या जीर्णोद्धारांनी बरेच जुने गिलावे खरवडून टाकले. त्या उत्साहाला आळा घालण्यासाठी विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये संस्थाच काढली. तरी पुष्कळ उरले आहे. दार बहुधा उघडे असते. नसेल तर किल्ली कुठे मिळेल याची चिठ्ठी अनेकदा दारावरच असते. सोबत छताकडे पाहायला दुर्बीण आणि भिंतीसाठी टॉर्च ठेवावी.

टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरकी धरायची. समोरून धरली तर काही दिसत नाही. हर्टफर्डशरमधल्या ॲशवेलला मनोऱ्याच्या आतल्या भिंतीवर अशाच उजेडात कोरलेली लॅटिन अक्षरे उठून दिसतात. महामारीतून वाचलेल्या कुणीतरी तिथे १३५० साल घालून माणसांची दैना लिहिली आहे. शेवटी संत मॉरच्या दिवशी झालेल्या वादळाची नोंद आहे, साल १३६१. आपल्या हिशेबाने ते जानेवारी १३६२ होते, कारण तेव्हा इंग्लंडात नवे वर्ष २५ मार्चला लागे.