चपला बाहेर काढा, गुंड्याभाऊ लागलाय

मोबाइल खिशातच राहू द्या. इथे रेंज नाही, आणि असती तरी फोन लावणार कुणाला? अख्ख्या चाळीत एकच फोन, खालच्या वाण्याकडचा, आणि त्याच्याही डायलला चिमुकलं पितळी कुलूप. तुम्हाला जायचंय तिसऱ्या मजल्यावर. गिरगाव आहे, सत्तरचं दशक सरत आलंय, आणि आज चाळीत कुणी जेवणं लांबवलेली नाहीत.

जिना लाकडी आहे. मधली पायरी दबते, तिच्यावर पूर्ण भार टाकू नका. कठड्याला हात लावाल तर तो चिकट लागेल. दोन पिढ्यांच्या तेलकट हातांनी तो असा गुळगुळीत झालाय. पहिल्या मजल्यावर रॉकेलच्या स्टोव्हचा वास, दुसऱ्यावर लसणीच्या फोडणीचा, आणि तिसऱ्यावर पोचलात की माणसांचा. घाम, खोबरेल तेल, कोमेजलेला मोगरा, कुणाच्या तरी पाठीला चोळलेला बाम. गॅलरीच्या टोकाच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग दिसला की थांबा. तेच थिएटर.

चपला काढताना जागा नीट लक्षात ठेवा. नंतर म्हणाल, सांगितलं नाही.

खोली 10 बाय 12 ची. आत निदान चाळीस माणसं असावीत, नेमकी मोजता येत नाहीत कारण पोरं हलतात. पोरं पुढे जमिनीवर, बायका त्यांच्यामागे, पुरुष दाराशी आणि गॅलरीतल्या खिडकीशी, गजांना नाकं लावून. पलंगावर फक्त घरची मंडळी. तो मान कुणी हिरावत नाही. पंखा आहे, पण त्याचा वारा पलंगापुरताच. तुम्हाला बसायला जागा मिळेल ती दोन काकूंच्या मध्ये. गुडघे छातीशी घ्या, श्वास बेताने सोडा. डावीकडच्या काकू मेथी निवडताहेत, उजवीकडच्या तुमच्याकडे बघताहेत.

"कुणाकडे आलात?"

खालच्या कुठल्यातरी बिऱ्हाडाकडे बोट दाखवा. चालतं. इथे पाहुण्याची चौकशी होते, हकालपट्टी होत नाही.

समोर लाकडी कपाटासारखा टीव्ही. वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लॅस्टिकची फुलं. घरमालकीणबाई पदराच्या टोकाची किल्ली सोडतात, शटर कुरकुरत दोन्ही बाजूंना सरकतं. बटण फिरतं. आधी काहीच होत नाही. मग आवाज येतो, चित्र मागाहून, सावकाश, झोपेतून उठल्यासारखं. आणि उठतं तेही वाकडं. झालं, आता गच्चीवरच्या पोराला कामाला लावायचं. तो अँटेना धरून उभा, एक जण जिन्यात, एक गॅलरीत, आणि निरोप मजल्यामजल्यावरून वर जातो.

"आलं का?"

"नाही! वरळीकडे वळव!"

"आता?"

"आलं, आलं, आलं... गेलं! हात काढू नकोस रे!"

तो बिचारा पुढचा अर्धा तास तसाच उभा राहणार आहे. या पोरांनी मालिका पाहिल्या नाहीत, धरून ठेवल्या.

तुम्ही लवकर आलात, त्यामुळे 'आमची माती आमची माणसं' बघणं भाग आहे. उठलात तर जागा गेली. जन्मात तुळशीपलीकडे काही न लावलेल्या या गिरगावकरांना भातावरची कीड आणि खताचं प्रमाण तोंडपाठ आहे, ते या जागा धरण्यापायी. मेथीवाल्या काकू मध्येच पडद्यावरच्या शेतकऱ्याला म्हणतात, "अहो, पण भाव काय मिळाला ते सांगा की!" शेतकरी सांगत नाही.

आणि मग खोलीत एकदम शांतता होते. 'चिमणराव गुंड्याभाऊ'.

चि. वि. जोशींची ही माणसं पुस्तकातून आधीच घराघरात आलेली. पण पुस्तकातला चिमणराव प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा होता. आता तो सगळ्यांचा एकच झाला: दिलीप प्रभावळकर. किडकिडीत, चाचरत्या आवाजाचा, पुढचं पाऊल टाकायच्या आधीच माफी मागितल्यासारखा. आणि त्याच्या मागे, दार भरून, बाळ कर्वे. झुपकेदार मिशा, हातात सोटा. चिमणराव घोळ घालणार, गुंड्याभाऊ तो निस्तरायला धावणार, आणि निस्तरण्याच्या नादात घोळ दुप्पट होणार, हे पुढे बसलेल्या चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक आहे. तरी ते पोर आधीच हसायला लागलंय.

आता एक करा. तुम्ही दूरवरून आला आहात, तुम्हाला घाई नाही. बोलतोय त्याच्याकडे बघू नका, गप्प उभा आहे त्याच्याकडे बघा. गुंड्याभाऊ गप्प असतो तेव्हाही त्याची ऐकायची एक तऱ्हा आहे: मान किंचित पुढे, मुठीत सोटा घट्ट, आणि डोळ्यांत 'कुणाला ठोकू ते फक्त सांग' असा निरागस भाव. कृष्णधवल चित्र, त्यात मुंग्या, मधून एक जाड पट्टा वर सरकतो आणि त्याचं डोकं पायांखाली जातं. तरी हसू येतंच. चाळीस माणसांचं हसू एका खोलीत फुटतं तेव्हा ते कानांना ऐकू येण्याआधी पाठीला जाणवतं. मागच्या आजींचा गुडघा तुमच्या पाठीत आहे आणि तो हसतोय. पुढचं वाक्य बुडतं. "शूऽऽ! ऐकू द्या!" असं ओरडणाऱ्याचाच आवाज सर्वांत मोठा. या गोंगाटात बुडालेली वाक्यं उद्या सकाळी नळावर जुळवली जातील, कळशी भरता भरता, ज्याला जेवढं ऐकू आलं तेवढं त्याने द्यायचं.

तुमच्या पोटात मात्र काहीतरी हलतंय, हो ना? कारण तुम्हाला पुढचं माहीत आहे. ऑगस्ट 2025 चा शेवटचा आठवडा, दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाचा दिवस, आणि सकाळीच फोनवर आलेली बातमी. बाळ कर्वे गेले, वय 95. त्या दिवशी फोनाफोनीत किती जणांनी 'बाळ कर्वे' म्हटलं, आठवून बघा. बहुतेकांनी 'गुंड्याभाऊ गेले' असंच म्हटलं.

राहवत नसेल तर मागच्या आजींना सांगून बघा. हळूच. "आजी, हे गृहस्थ पंच्याण्णव वर्षं जगणार आहेत."

आजी पडद्यावरची नजर काढत नाहीत. "जगणारच! सोटा घेऊन हिंडणारा माणूस, त्याला काय धाड भरलीय?"

नट वेगळा आणि गुंड्याभाऊ वेगळा, हा भेद आजींच्या खोलीत शिरलेला नाही. तुम्हीही तो शिकवत बसू नका. खरं तर तो सोटेवाला माणूस एरवी मुंबई महापालिकेत नोकरीला आहे. नळ, गटारं, रस्ते यांच्या नावाने ही चाळ रोज सकाळी ज्या महापालिकेला शिव्या घालते, तिच्यातलाच एक. दिवसा कचेरी, संध्याकाळी तालीम, अशीच ही पिढी. त्याच ऑगस्टमध्ये, कर्व्यांच्या जेमतेम दहा दिवस आधी गेलेले अच्युत पोतदारही आधी सैन्यात कॅप्टन, मग इंडियन ऑइलमध्ये साहेब, आणि हे सगळं सांभाळून नट. पगार दुसरीकडून येत होता म्हणून की काय, पडद्यावर ही माणसं कधी अधाशी दिसली नाहीत. हे आपलं माझं मत. मेथीवाल्या काकूंना विचाराल तर त्या मेथीच्या काड्या तुमच्या हातात देतील.

जरा डोळे मिटा. खोली हीच. डोळे उघडा: 1984, शुक्रवारची रात्र, नऊ. टीव्ही रंगीत झालाय, शटर गेलंय, क्रोशाचा रुमाल तेवढा टिकून आहे. गर्दी निम्मी, कारण आता चाळीत आणखीही टीव्ही आलेत. म्हणून आज आत बसू नका, गॅलरीतून चाला. एकाही दारात न थांबता 'ये जो है ज़िंदगी' तुम्हाला सलग ऐकू येईल. शफी इनामदारचं वाक्य पहिल्या दारात सुरू होतं आणि तिसऱ्या दारात संपतं. पोरांच्या पैजा लागल्यात, चार-चार आण्यांच्या. सतीश शाह आज कोण होणार? दर शुक्रवारी तो नवं सोंग घेऊन येतो, आणि दर शुक्रवारी पोरं हरतात. दार वाजतं, तो आत येतो, क्षणभर कुणी ओळखत नाही. मग तो गाल फुगवतो आणि हशा एका टोकाच्या खोलीतून सुटून गॅलरीभर धावत जातो, एखाद्या पोराने कठड्यावरून काठी ओढत न्यावी तसा.

तोही गेला, 2025 मध्येच, दिवाळी उलटताच. ते इथे बोलू नका. पैजेचे चार आणे अजून वसूल व्हायचेत.

परत फिरा. आधीच्या संध्याकाळी, कृष्णधवल खोलीत. गुंड्याभाऊ संपलाय. मालकीणबाईंनी शटर ओढलं, किल्ली पदराच्या गाठीत गेली. माणसं उठताहेत, पाय झोपलेत म्हणून एकमेकांना धरून. झोपलेली पोरं खांद्यांवर. गच्चीवरचा पोरगा आत्ता खाली आलाय आणि ज्याला त्याला विचारतोय, "काय झालं? शेवटी काय झालं?" तिघे त्याला तीन वेगळ्या गोष्टी सांगतात.

तुमची एक चप्पल नाही.

सांगितलं होतं. आता वाका, ढिगात हात घाला. गॅलरीतला दिवा कधीचा गेलेला आहे. तेवढ्यात वरून टॉर्चचा उजेड पडतो. एक थोराड गृहस्थ, बनियन, लेंगा आणि ओठांवर भरघोस मिशा. बँकेतले कारकून आहेत ते, चौथ्या खोलीतले. न बोलता ते पायाने दोन जोड बाजूला सारतात, तुमची चप्पल काढून देतात आणि टॉर्च हलवत जिन्याकडे निघतात.

खालून पोरं आरडतात, "गुंड्याभाऊऽऽ!"

गृहस्थ कठड्यावरून वाकतात. "काय रे?"