घरचा फॉगर: मुळं फुटेपर्यंत कापलेल्या फांदीला जगवायचं कसं?

झाडाची फांदी कापली की तिला मुळांकडून मिळणारं पाणी त्याच क्षणी बंद होतं. पानांतून पाणी उडून जाणं मात्र सुरूच राहतं. तुळशीसारख्या मऊ फांदीला मुळं फुटायला एक-दोन आठवडे लागतात, गुलाबासारख्या लाकडी फांदीला तीन ते पाच आठवडे किंवा त्याहून जास्त. एवढे दिवस ती अंगातल्या साठ्यावर जगत असते. आधी मुळं येतात की आधी फांदी सुकते, एवढीच काय ती शर्यत.

फॉगर या शर्यतीत फांदीला वेळ मिळवून देतो. पानांभोवतीची हवा इतकी दमट ठेवायची की पानातलं पाणी बाहेर पडायचं जवळजवळ थांबेल, आणि कापलेल्या टोकाला ओल आणि हवा दोन्ही मिळतील. नर्सरीवाले यासाठी मिस्ट चेंबर वापरतात. आपण त्याची प्लास्टिकच्या डब्यात मावणारी आवृत्ती कशी बनते ते पाहू.

तुम्हाला फॉगर खरंच हवा आहे का?

बहुतेक वेळा नको. मनी प्लांट, कोलियस, तुळस यांना ग्लासभर पाणी पुरतं. पावसाळ्यात जास्वंदीची फांदी कुंडीत खोचली तरी बऱ्याचदा लागते, कारण तेव्हा बाहेरची हवाच फॉगरचं काम करते. थोडी कठीण फांदी असेल तर पाण्याची पारदर्शक बाटली अर्धी कापून कुंडीवर उपडी ठेवा. फुकटात काम होतं.

फॉगर बनवण्यात अर्थ आहे तो फांद्या मोजक्या असतील, झाड पुन्हा मिळणार नसेल आणि ऋतू वाईट असेल तेव्हा. माझं तेच झालं. साताऱ्याच्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात आजीने लावलेला गावठी गुलाब होता. घर पाडून तिथे इमारत उभी राहणार होती आणि अंगण मे महिन्यात मोकळं करून द्यायचं होतं. जुना बुंधा उपटून नेला तर जगेल याची खात्री नव्हती. हातात आल्या बारा फांद्या आणि पुण्यातली कोरडी, तापलेली बाल्कनी.

धुकं तयार होतं कसं?

फॉगरमध्ये सिरॅमिकची एक छोटी चकती असते. तिला विजेचे झटके दिले की ती आकुंचन-प्रसरण पावते. हा पिझोइलेक्ट्रिक गुणधर्म. ज्याक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये याची एक बाजू दाखवली: काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते. आपण इथे त्याची उलटी बाजू वापरतो. १९२७ मध्ये रॉबर्ट वुड आणि आल्फ्रेड लूमिस यांना अतिउच्च कंपनांनी द्रवातून कारंजं आणि धुकं उठताना दिसलं. आज ऑनलाइन मिळणारा मिस्ट मेकर त्याच तत्त्वावर चालतो.

नेहमीच्या २४ व्होल्टच्या फॉगरची चकती सेकंदाला साधारण १७ लाख वेळा थरथरते. त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर अतिशय बारीक लाटा उठतात आणि त्यांच्या टोकांवरून थेंब तुटतात. कंपनं जितकी वेगवान, तितका थेंब लहान. या वेगाला थेंब साधारण ३ मायक्रॉनचा होतो. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या. इतका हलका थेंब बराच वेळ हवेत तरंगतो.

दुसरा प्रकार यूएसबीवर चालणाऱ्या छोट्या ह्युमिडिफायरमधला. त्याच्या चकतीला मधोमध सूक्ष्म छिद्रं असतात आणि ती सेकंदाला साधारण १ लाख १० हजार वेळा हलते. वीज फारच कमी लागते, पण धुकंही कमी येतं आणि छिद्रं लवकर बुजतात. तीन-चार फांद्यांच्या लहान बरणीला हा चालेल. बारा फांद्यांना पहिलाच घ्या.

डबा दोन मजली हवा

घरगुती फॉगरच्या बहुतेक रचनांमध्ये झाकणाला भोकं पाडून फांद्या अडकवतात. खालची टोकं धुक्यात आणि पानं बाहेर, पंख्याच्या वाऱ्यात. मुळं असलेल्या रोपाला हे ठीक आहे. मुळं नसलेल्या फांदीचं पाणी जातं पानांतून, आणि नेमकी पानंच उघडी पडतात. मला ही रचना पटत नाही.

म्हणून खाली २० लिटरचा अपारदर्शक डबा घ्या (पारदर्शक घेतलात तर आठवड्याभरात शेवाळ धरतं) आणि त्याच्या झाकणावर दुसरा पारदर्शक डबा उपडा ठेवा. झाकणाला फांद्यांसाठी भोकं पाडा. प्रत्येक फांदीच्या कमरेला स्पंजचा तुकडा गुंडाळला की ती भोकात घट्ट बसते. शिवाय पाच-सहा छोटी भोकं मोकळी सोडा, त्यांतून धुकं वरच्या मजल्यावर जातं. ते आपणहून फारसं चढत नाही, थंड आणि जड असल्यामुळे खालीच रेंगाळतं. त्यासाठी कॉम्प्युटरमधला छोटा पंखा लावा, पण बाहेरच्या भिंतीवर, कोरडी हवा आत ढकलेल असा. धुकं पंख्यातून ओढायला लावलंत तर बेअरिंग आणि सर्किट दोन्ही भिजून पंखा मरतो. वरच्या डब्याला एक लहान भोक पाडा, म्हणजे आत ढकललेली हवा बाहेर पडेल.

खाली साधारण ५ लिटर पाणी घाला. चकतीच्या वर दोन-तीन सेंटिमीटर पाणी असताना धुकं सर्वांत छान येतं. फॉगर जास्त खोल गेला की कारंजं वरपर्यंत पोचतच नाही. तो थर्माकोलच्या कड्यात बसवून तरंगता ठेवला, तर पाणी कमी झालं तरी खोली तीच राहते. चालू फॉगरच्या कारंज्यात बोट घालू नका, चांगलंच झोंबतं.

खरा शत्रू: उष्णता

फॉगर लावला, धुकं मस्त दिसतंय, मग दिवसभर चालू ठेवू या, असं वाटणं साहजिक आहे. आता हिशोब बघा. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला साधारण ४,२०० जूल ऊर्जा लागते. ५ लिटरला २१,०००. फॉगर २० वॅटचा असेल तर तो सेकंदाला २० जूल खातो आणि त्यातला बराचसा भाग शेवटी त्याच पाण्यात उष्णता म्हणून उतरतो. म्हणजे साडेसतरा मिनिटांत १ अंश, तासाला जवळपास साडेतीन अंश. थोडी उष्णता भिंतींतून निघून जाते, पण मे महिन्यात पाणी आधीच ३० अंशांवर असतं. दुपारपर्यंत त्याच डब्यात फांद्या शिजायला लागतात.

मुळं फुटायला २२ ते २७ अंश सेल्सिअस तापमान चांगलं. त्याहून बरंच वर गेलं की फांदी साठवलेली साखर भराभर जाळते, आणि गरम-ओल्या कापलेल्या टोकावर बुरशी व सडवणारे जिवाणू ताबा घेतात. टोक काळं पडून मऊ झालं की ती फांदी गेली.

उपाय सोपा आहे: १ मिनिट चालू, ४ मिनिटं बंद. धुकं लगेच विरत नाही आणि पानांवरची ओल तेवढा वेळ टिकते. २० वॅटची सरासरी ४ वॅटवर येते. रात्री बंद असण्याचा वेळ १० मिनिटांपर्यंत वाढवला तरी चालतं.

टायमर, सेन्सर आणि थोडा कोड

घड्याळासारख्या गोल यांत्रिक टायमरवर सहसा १५ मिनिटांपेक्षा छोटा टप्पा मिळत नाही, त्यामुळे तो बाद. स्मार्ट प्लगच्या ॲपमध्ये एक मिनिट चालू, चार मिनिटं बंद असं चक्र लावता येत असेल तर त्यावर भागतं. मी ईएसपी३२ बोर्ड आणि रिले वापरला. सगळं मिळून खर्च दोन हजारांच्या आत राहिला.

पहिला मोह होतो तो डीएचटी२२ हा आर्द्रतेचा सेन्सर डब्यात टांगून 'आर्द्रता कमी झाली की फॉगर चालू' असा कोड लिहिण्याचा. कागदावर तो हुशार दिसतो. प्रत्यक्षात धुक्यात सेन्सरवर पाणी जमतं आणि तो ९९.९ टक्क्यांवर अडकून बसतो. कोड समजतो सगळं आलबेल आहे. त्यापेक्षा डीएस१८बी२० हा धातूच्या नळीतला जलरोधक तापमान सेन्सर थेट पाण्यात सोडा. तो अर्ध्या अंशापर्यंत अचूक असतो. त्याच्या डेटा वायरला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावायला विसरू नका.

मग कोडमध्ये दोनच नियम उरतात. धुकं वेळेनुसार सोडायचं, आणि पाणी ३० अंशांवर गेलं तर बंदचा वेळ दुप्पट करून फोनवर मेसेज पाठवायचा. मी टेलिग्रामचा बॉट वापरला. मेसेज आला की पाण्यात गोठवलेली बाटली सोडायची. उपाय गावठी आहे, पण काम करतो.

तीन गोष्टी कोडबाहेरच्या. वीज जाऊन आल्यावर रिले बंद अवस्थेत सुरू व्हायला हवा. काही रिले मॉड्यूल उलट्या सिग्नलवर चालतात आणि बोर्ड सुरू होताना क्षणभर चालू होतात, ते आधी फॉगर न जोडता तपासा. कोड अडकला तर बोर्ड आपोआप रीस्टार्ट व्हावा म्हणून वॉचडॉग टायमर सुरू ठेवा. आणि रिले नेहमी ॲडॉप्टरनंतरच्या २४ व्होल्टच्या बाजूला जोडा. पाण्याच्या डब्याशेजारी २३० व्होल्टच्या उघड्या तारा कुठल्याही परिस्थितीत नकोत. ॲडॉप्टर डब्यापेक्षा उंचावर ठेवा आणि वायरला खाली झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी प्लगपर्यंत न जाता झोळातून खाली गळेल.

पाणी आणि तुमची फुप्फुसं

फॉगर पाणी उकळत नाही, त्याचे तुकडे करून जसंच्या तसं हवेत उडवतो. पाण्यात क्षार असतील तर ते पानांवर पांढरी भुकटी होऊन बसतात आणि चकतीवरही थर धरतो. बोअरचं पाणी नकोच. पावसाचं किंवा आरओचं शुद्ध पाणी वापरा. थर धरलाच तर चकती लिंबूसत्वाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून मऊ ब्रशने पुसा. मुळं येईपर्यंत पाण्यात खत घालू नका. फांदीला अजून ते घेता येत नाही, जिवाणूंना मात्र येतं.

क्षारांसारखेच जिवाणूही धुक्यातून उडतात. लेजिओनेलासारखे जिवाणू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतात आणि बारीक थेंबांतून थेट फुप्फुसात जाऊ शकतात. म्हणून हा डबा झोपायच्या खोलीत ठेवू नका. उघडण्याआधी फॉगर बंद करून पाच मिनिटं थांबा. आठवड्यातून एकदा सगळं पाणी ओतून डबा घासा. घरात दम्याचा त्रास असलेलं कुणी असेल तर डब्याची जागा बाल्कनीतच.

फांदी कशी घ्यायची

सकाळी कापा, तेव्हा फांदीत पाणी भरलेलं असतं. पेन्सिलच्या जाडीची, १२ ते १५ सेंटिमीटर लांब, तीन-चार डोळे असलेली आणि नुकतीच फुलून गेलेली फांदी गुलाबासाठी उत्तम. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका घ्या. खालची पानं काढा, वरची दोन ठेवा. मोठी असतील तर अर्धी कापा. वर-खाली उलटं होऊ देऊ नका: मुळं फोडायला सांगणारं ऑक्सिन हे संप्रेरक शेंड्याकडून बुडाकडे वाहतं आणि उलटी फांदी सहसा लागत नाही. रूटिंग हार्मोन म्हणून मिळणारं आयबीए हे याच गटातलं. पाकिटावर लिहिलं असेल तेवढंच वापरा, जास्त झालं तर टोक जळतं.

डबा उजेडात ठेवा, उन्हात नको. उपड्या पारदर्शक डब्यावर थेट ऊन पडलं की तो बंद गाडीसारखा तापतो.

दोन-अडीच आठवड्यांनी टोकाला पांढरट, खडबडीत गाठ दिसू लागते. ती मुळं नव्हेत. तो कॅलस, म्हणजे जखम भरून काढणाऱ्या पेशींचा थर. अनेकजण इथेच आनंदाने फांदी कुंडीत लावतात आणि ती मरते. रोज उपसून बघण्यापेक्षा फोनच्या मॅक्रो कॅमेऱ्याने दोन दिवसांआड फोटो काढा, वाढ फोटोंवरून कळते. माझ्या बारापैकी तीन पहिल्या दहा दिवसांत काळ्या पडल्या, त्या लगेच बाहेर काढल्या. दोन नुसत्या कॅलसवरच थांबल्या. सातांना मुळं आली, पहिली २६व्या दिवशी.

कुंडीत हलवताना

धुक्यात वाढलेली मुळं कापसासारखी नाजूक असतात आणि कोरड्या हवेत काही मिनिटांत सुकतात. ती दोन ते चार सेंटिमीटरची झाली की हलवा. त्याहून लांब होऊ दिलीत तर लावताना तुटतात. कोकोपीट आणि परलाइटचं मिश्रण आधी भिजवून ठेवा, मुळं पसरून वरून अलगद भुरभुरवा, दाबू नका.

पानांचाही प्रश्न असतो. दमट हवेत आलेल्या पानांवरचा मेणाचा थर पातळ असतो आणि त्यांची पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत. असं रोप थेट उघड्यावर ठेवलं की मुळं असूनही तासाभरात माना टाकतं. म्हणून कुंडीवरही पारदर्शक झाकण ठेवा. पहिले दोन दिवस पूर्ण बंद, मग रोज संध्याकाळी अर्धा तास उघडं, आणि पुढे थोडं थोडं वाढवत सात ते दहा दिवसांत काढून टाका. मधे पानं मलूल झाली तर एक दिवस मागे जा. माझी सातपैकी सहा रोपं या टप्प्यातून निघाली. दोन आता साताऱ्यात मामाकडे आहेत, एक आईच्या खिडकीत, आणि उरलेल्या तिघांना जूनचा पहिला पाऊस लागल्यावरच मी बाल्कनीच्या कठड्यावर उघडं ठेवलं.